विटकरी म्हणतात तो रंग

फळमाशीचे डोळे विटकरी लाल असतात. सगळ्या पुस्तकांत तसं लिहिलंय आणि एवढ्या लोकांनी मिळून खोटं बोलायचं काही कारण नाही, म्हणून मी ते मान्य करतो. मला ते गडद दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकेका डोळ्यातली सातआठशे भिंगं, त्यांची षट्कोनी मांडणी, मधूनमधून उभे राहिलेले बारीक केस, हे सगळं मला कुणाहीइतकं स्वच्छ दिसतं. त्याचा रंग शेंदरी, विटकरी की तपकिरी, एवढं फक्त मला विचारू नका.

मी कलर ब्लाइंड आहे, लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्यांपैकी. आणि एका विद्यापीठाच्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये, नेमक्या ड्रोसोफिलाच्या म्हणजे फळमाश्यांच्या लॅबमध्ये, मी ट्रेनी म्हणून लागलो. जिथे शंभराहून जास्त वर्षं माणसं डोळ्यांचा रंग बघून माश्या वेगळ्या करत आली आहेत, त्या कामात. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग खिशातला पेन काढून विचारतो, ‘हा कोणता रंग?’ जगातल्या प्रत्येक रंगांध माणसाला हा प्रश्न भेटलेला असतो. निळा. पेन बहुतेक वेळा निळाच असतो.

आमच्या औशाकडच्या शाळेत बारावीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन असायचं, म्हणजे थेंबथेंब द्रावण सोडायचं आणि रंग बदलला की थांबायचं. रंग दाखवायला फिनॉल्फ्थॅलिन आलं तर निभून जायचं. बिनरंगाच्या पाण्याला काहीतरी चढलं एवढं मला कळतं. मिथिल ऑरेंज निघालं की मी शेजारच्या मुलाच्या चेहऱ्याकडे बघून ब्युरेटची तोटी बंद करायचो. तो बिचारा कधी बोलला नाही, पण रंग बदलायच्या आधी त्याच्या भुवया वर जायच्या. पुढे बीएस्सी, एमएस्सीलाही असंच चाललं. दुसऱ्याच्या भुवया वाचून पास होता येतं. त्यावर पोट भरता येईल का, याची मात्र मला धास्ती होती, कारण नोकरीत शेजारी कोण बसेल हे आपल्या हातात नसतं.

लॅबच्या जाहिरातीत ‘सर्व पार्श्वभूमीच्या उमेदवारांचं स्वागत’ असं होतं. ते हल्ली सगळीकडेच असतं, मी ते वाचलंही नाही. मी वाचली ती त्याखालची ओळ: ट्रेनीला पहिल्या महिन्यापासून मानधन. सर्वसमावेशकतेवर मी बरीच भाषणं ऐकली आहेत आणि माझं मत साधं आहे. ज्या लॅबमध्ये ‘अनुभव हेच मानधन’ असतं, तिथे ज्याच्या बापाला शहरातल्या खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे झेपतात तोच येणार. मग भिंतीवर कितीही सुंदर पोस्टर लावा.

अर्जासोबत एक फॉर्म होता. त्यात अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी विचारणारा नेहमीचा रकाना होताच. तो मला कधीच लागू होत नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकार मोजतो, त्यांत रंगांधता नाही. म्हणजे रेल्वेचं इंजिन चालवायला मी नापास, पण कुठलं प्रमाणपत्र मिळायलाही नापास. त्याखाली मात्र एक प्रश्न हाताने टाइप करून वाढवलेला होता: ‘तुम्हाला इथे नीट काम करता यावं म्हणून काय लागेल?’ आणि पुढे मोकळ्या ओळी. मी पहिल्यांदाच कुठल्याशा कागदावर लिहिलं, ‘लाल, हिरवा, तपकिरी यांतला फरक ओळखू येत नाही. काय लागेल ते माहीत नाही.’

पहिल्या आठवड्यात मॅडमनी, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. कार्बन डायऑक्साइडच्या पॅडवर माश्या झोपवल्या होत्या. सच्छिद्र पांढऱ्या पॅडखालून वायू येतो, माश्या पाठीवर पडतात, पाय आखडतात, आणि मग रंगकामाच्या बारीक ब्रशने त्यांना इकडून तिकडे सरकवायचं. मॅडम म्हणाल्या, ‘काय दिसतंय ते सांग. काय दिसायला पाहिजे ते नको सांगू.’

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. पांढरे डोळे आणि रानटी प्रकारचे, म्हणजे मूळच्या साध्या माशीचे लाल डोळे: लगेच ओळखतो, एक फिकट, एक गडद. व्हर्मिलियन म्हणजे भडक लाल, आणि रानटी लाल: शून्य फरक. ‘मिनी-व्हाइट’ नावाचं खुणेचं जनुक घातलेल्या माश्या, ज्यांचे डोळे पिवळसर ते नारिंगी ते लाल अशा पायऱ्यांनी चढत जातात: फार फिकट आणि फार गडद एवढंच, मधलं सगळं एक. नवजात मादीच्या पोटातून दिसणारा काळसर डाग, ज्यावरून ती अजून नराला भेटलेली नाही हे कळतं: स्वच्छ दिसतो. हे सगळं तारखेसकट लॅबच्या वहीत गेलं. माझ्या बघण्याची अशी नोंद कुणी केली नव्हती, डोळ्यांच्या डॉक्टरांनीही नाही. त्यांनी इशिहाराची ठिपक्यांची पुस्तिका उघडली, दोन पानं उलटली, मिटली आणि ‘नाही’ म्हणाले. मला काय दिसत नाही हे त्यांना दोन पानांत कळलं. काय दिसतं हे विचारायचं त्यांना कारण नव्हतं.

वहीनंतर मॅडमनी माझ्या वाट्याचे क्रॉस, म्हणजे ठरावीक नर-मादींचे संकर, बदलले. इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

माशीतलं जे जनुक आपल्याला हवं असतं ते बहुतेक वेळा डोळ्यांनी दिसतच नाही. म्हणून त्याच्या जोडीच्या गुणसूत्रावर दिसेल अशी एक खूण ठेवतात. खूण असलेली माशी एका ढिगात, नसलेली दुसऱ्यात. ही खूण रंगाचीच पाहिजे असं अजिबात नाही. ‘कर्ली’ असेल तर पंख वरच्या बाजूला वळतात. ‘स्टबल’ असेल तर पाठीवरचे लांब केस आखूड आणि जाड होतात, कापून ठेवल्यागत. ‘बार’ असेल तर गोल डोळ्याची उभी चीर होते. ‘टबी’ असेल तर माशी व्हायचीही वाट बघायला नको, व्हायलच्या, म्हणजे माश्या वाढवायच्या नळीच्या, काचेला चिकटलेला कोषच बुटका आणि जाडा असतो. माशीशास्त्राच्या गोदामात या खुणा कधीच्या पडून आहेत. मॅडमनी माझ्या क्रॉसमध्ये नारिंगी छटांच्या जागी पंख आणि केस आणले. एवढंच. त्याला दया म्हणत नाहीत, त्याला प्रयोगाची आखणी म्हणतात. पंख वळलेला आहे की नाही याने त्या प्रयोगातल्या प्रश्नाला काही फरक पडत नाही. खूण असते बघणाऱ्यासाठी, आणि बघणारा कोण आहे हे विचारल्याशिवाय खूण निवडणं म्हणजे अर्धाच विचार करणं.

(कर्लीची एक खोड सांगून ठेवतो. माश्या १८ अंशांवर वाढवल्या तर तिचे पंख सरळ येऊ लागतात. तेव्हा इन्क्युबेटर २५ वर आहे ना, हे कुणाच्या तोंडाच्या शब्दावर विसंबून न राहता स्वतः बघावं.)

‘बार’बद्दल जास्त सांगायचा मोह मला आवरत नाही. त्यासाठी न्यूयॉर्कला जावं लागेल. कोलंबिया विद्यापीठात टी. एच. मॉर्गन यांची माश्यांची खोली होती, जेमतेम १६ फूट बाय २३ फूट, दुधाच्या बाटल्यांनी आणि पिकलेल्या केळ्यांच्या वासाने भरलेली. १९१० साली तिथे पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. त्याच्या नातवंडांत पांढरे डोळे परत आले ते फक्त नरांमध्ये. मॉर्गननी अर्थ लावला की हे जनुक लिंग ठरवणाऱ्या एक्स गुणसूत्राशी बांधलेलं आहे. नराकडे एक्स एकच, त्यामुळे झाकायला दुसरा नाही. लगेच पुढच्या वर्षी, १९११ मध्ये, त्याच विद्यापीठातल्या एडमंड विल्सन यांनी म्हटलं की माणसातली लाल-हिरवी रंगांधता अगदी याच रीतीने उतरते, म्हणजे तीही एक्सवरच असणार. माणसाचं एखादं लक्षण नेमक्या गुणसूत्रावर ठेवण्याचा हा पहिला मान. आपल्या व्यंगाला एवढा जुना मान असल्याचं कळलं तेव्हा मी घरी फोन करून आईला सांगितलं. आई म्हणाली, ‘म्हणजे माझ्याकडूनच आलं म्हण की.’

तिच्याकडूनच, आणि तिच्याकडे तिच्या वडिलांकडून. आमच्या आजोबांनी एकदा लातूरहून आजीसाठी मेंदी रंगाची म्हणून साडी आणली, ती विटकरी निघाली. आजी ती पुढे वर्षानुवर्षं सणाला नेसली आणि आजोबा दर वेळी ‘मेंदी खुलते तुला’ म्हणायचे, असं आई सांगते. माझ्या धाकट्या भावाच्या वाट्याला आईचा दुसरा एक्स आला. तो रंग बघून टोमॅटो निवडतो, मी दाबून.

तर मॉर्गनच्या त्या खोलीत दोन पोरं होती, दोघंही तेव्हा पदवी पूर्ण व्हायची होती. कॅल्विन ब्रिजेस बाटल्या धुवायला लागला होता; धुवायला घेतलेल्या बाटलीच्या जाड काचेतून त्याला व्हर्मिलियन डोळ्यांची माशी दिसली आणि तो बाटल्यांवरून टेबलावर आला. मला जी सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही ती त्याला काचेतून दिसली. असतात अशी माणसं. दुसरा आल्फ्रेड स्टर्टव्हंट. त्याने १९१३ मध्ये जनुकांचा जगातला पहिला नकाशा छापला. गुणसूत्रांच्या जोड्या आपसात तुकडे बदलतात, आणि दोन जनुकं जितकी दूर तितकी ही अदलाबदल जास्त, एवढ्या हिशेबावर तो उभा होता. त्या नकाशात डोळ्यांच्या आणि अंगाच्या रंगांबरोबर पंखांचे आकारही होते. पुढे १९२५ मध्ये याच स्टर्टव्हंटने ‘बार’ डोळ्याचं कोडं सोडवलं: कधीकधी ही अदलाबदल समसमान होत नाही, एका बाजूला तुकडा जास्तीचा जातो, दुसरीला कमी पडतो. ‘बार’ची चीर अशाने मिटून डोळा पुन्हा गोल होतो, नाहीतर ती आणखी अरुंद होते.

आता माझे डोळे घ्या. लाल आणि हिरव्या प्रकाशासाठीची जनुकं आपल्या एक्स गुणसूत्राच्या टोकाशी शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि इतकी सारखी असतात की जोडी जुळताना फसगत होते. १९८६ मध्ये जेरेमी नेथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वेगळी काढून वाचली, तेव्हा दिसलं की बहुतेक रंगांधतेचं मूळ याच असमान अदलाबदलीत आहे. एकाकडे जनुक जास्तीचं गेलं, दुसऱ्याकडे उरलं नाही किंवा अर्धं-अर्धं जोडलं गेलं. म्हणजे पॅडवर पडलेल्या ज्या माशीच्या चिरेसारख्या डोळ्यावरून मी ढीग करतो, तिच्या डोळ्याचा घोटाळा आणि माझ्या डोळ्यांचा घोटाळा एकाच जातीचे. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी पॅडचा वायू चालू ठेवून तसाच बसलो होतो. शेजारच्या ताई ओरडल्या, ‘अरे, मरतील त्या!’

या ताई माझ्याच बाकावर काम करतात. लग्न, बदल्या, दोन मुलं यात त्यांच्या संशोधनात मोठा खंड पडला, आणि खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची जी योजना आहे तिच्यातून त्या परत आल्या. त्यांची अडचण संध्याकाळची. क्रॉससाठी न भेटलेल्या माद्या लागतात. मादी एकदा भेटली की नराचे शुक्राणू साठवून ठेवते आणि सगळा क्रॉस वाया जातो. २५ अंशांवर कोषातून बाहेर आल्यापासून साधारण आठ तासांत तिला वेगळं करावं लागतं, म्हणून माश्यांच्या लॅबमध्ये सकाळी लवकर आणि रात्री उशिरा अशा फेऱ्या मारणं ही जणू निष्ठेची परीक्षा समजली जाते. पण १८ अंशांवर सगळं मंदावतं आणि ही मुदत जवळपास दुप्पट, सोळा तासांची होते. ताई संध्याकाळी पाचला बाटली रिकामी करून १८ अंशांवर ठेवतात आणि मुलांना शाळेत सोडून सकाळी नऊला येतात. ही युक्ती काही आमचा शोध नाही, सगळ्या माशीवाल्यांना ठाऊक असते. आमच्याकडे ती वेळापत्रकात छापून लावली आहे, एवढाच फरक. आता रात्री आठला कुणीच थांबत नाही, आणि काम काही अडलेलं नाही. मग इतकी वर्षं इतकी माणसं रात्री का थांबत होती, हा प्रश्न मी एकदा चहाला विचारला. एका जुन्या सिनियरना तो आवडला नाही.

लॅबमधल्या एकीला ऐकू येत नाही. तिच्यासाठी टायमर वाजण्याऐवजी लुकलुकतात, आणि सोमवारच्या मीटिंगला प्रश्न आधी पडद्यावर टाइप करायचे, मग बोलायचे, असा नियम आहे. नियम तिच्यासाठी झाला, त्यावर जगलो मी. मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला इंग्रजी येत नसतं असं नाही, वेळेवर येत नसतं. टाइप करायला मिळालेल्या त्या अर्ध्या मिनिटात माझं वाक्य जुळतं. पहिला प्रश्न मी असाच विचारला, आणि तो बरा होता.

माश्यांचं खाणं काका शिजवतात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट, अगार. मोठ्या पातेल्यात, लाकडी उलथन्याने, पिठल्यासारखं सारखं हलवत. बुरशी धरू नये म्हणून शेवटी प्रोपिऑनिक आम्ल पडतं, ते जरा निवल्यावरच. कधी निवलं हे काका पातेल्याच्या बाहेरून हात लावून सांगतात. आमच्या प्रोटोकॉलच्या वहीत बाकी सगळ्याला आकडे होते, याला नव्हता. मॅडमनी काकांच्या हाताशेजारी थर्मामीटर धरायला लावून तो आकडा लिहून घेतला आणि पुढे कंसात काकांचं नाव टाकलं. त्या दिवसापासून काका सुट्टीवर गेले तरी माश्या उपाशी राहत नाहीत. काकांना मात्र हे फारसं रुचलं नसावं असं मला वाटतं. हातातली विद्या वहीत गेली की हाताचं महत्त्व थोडं उतरतं, आणि त्या थोड्याची भरपाई कंसातल्या नावाने होते का, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

सगळं छान आहे असं समजू नका. मोठा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक सामायिक आहे, त्याची वेळ संगणकावर आरक्षित करायची असते, आणि त्या पानावर रिकामी वेळ हिरवी तर घेतलेली वेळ लाल. मला ते पान म्हणजे एकाच रंगाची चादर. ‘रिकामी’ आणि ‘घेतलेली’ असे शब्द त्या चौकटींत घालावेत, असा अर्ज केला. अर्ज समितीकडे गेला, समितीतून दुसऱ्या समितीकडे गेला. आमच्या लॅबच्या भिंतींच्या आत जे एका दुपारी होतं त्याला भिंतीबाहेर सही लागते, आणि सही करणाऱ्याला हिरवं हिरवं दिसत असतं.

चित्रांच्या बाबतीत मात्र आम्ही आमचे धनी आहोत. दोन प्रथिनं एकाच पेशीत आहेत का हे दाखवायला एकाला हिरवा, दुसऱ्याला लाल रंग देतात, आणि दोन्ही जिथे एकत्र तिथे पिवळा येतो. म्हणजे सगळ्यांना येतो. मला तिन्ही मिळून एक चिखल. लालच्या जागी किरमिजी-गुलाबी टाकला की एकत्र जागा पांढरी होते आणि माझ्यासारख्यालाही कळते. संगणकात हे बदलायला दोन क्लिक लागतात. पाश्चात्त्य देशांत दर बारा-तेरा पुरुषांत एक रंगांध निघतो, आपल्याकडे प्रमाण काहीसं कमी. शोधनिबंध तपासणाऱ्यांतही असे असणारच. लॅबची जुनी पोस्टर मी पाहिली, सगळी लाल-हिरवी. ती बघून कुणीतरी आपल्यासारखाच मान डोलावून पुढे गेला असेल.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा खटला तुम्ही वाचला असेल. चित्रपट संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला रंगांधतेमुळे प्रवेश नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की रंगांध उमेदवारांना सगळे अभ्यासक्रम खुले ठेवा. निकाल आनंदाचाच आहे. पण मला त्यातली वर्षं दिसतात. त्या माणसाचा अर्ज २०१५ चा होता.

आणि प्रवेश मिळणं वेगळं, कशा अटींवर मिळतो ते वेगळं. कमला भागवत, म्हणजे आपल्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी मुलगी म्हणून नाकारलं, आणि घेतलं ते वर्षभर पारखून बघायच्या अटीवर. त्यांच्यामुळे पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ नये, हीही अट होती. बाईंनी ते वर्ष काढलं, पुढे केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट आणली, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. ही गोष्ट आपण मुलींना जिद्दीची म्हणून सांगतो. मी ती वाचतो तेव्हा मला तो अटींचा कागद दिसतो. त्यात त्यांनी काय करायचं नाही ते सगळं असणार. त्यांना काम करायला काय लागेल, हे त्यात असण्याची शक्यता कमीच.

मॉर्गनच्या खोलीचंही तसंच. तिथे बाटल्या धुणारं पोर टेबलावर बसू शकत होतं, पण लिलियन मॉर्गन, स्वतः तालमीच्या जीवशास्त्रज्ञ आणि साहेबांच्या पत्नी, बिनपदाच्या काम करत राहिल्या. एकमेकांना जोडलेले दोन एक्स असलेली माशी त्यांनी शोधली. त्या माशीचा वंश आजही जगभरच्या लॅबमध्ये व्हायलमधून फिरतो. त्यांना रीतसर पद मिळालं ते पती वारल्यावर, सत्तरी उलटल्यावर.

माझं ट्रेनीपण आता संपत आलंय, पुढची नेमणूक प्रोजेक्ट असिस्टंटची आहे. ट्रेनींचे फॉर्म सध्या मीच आधी वाचतो. पुढच्या महिन्यात जी मुलगी येणार आहे तिने मोकळ्या ओळींत लिहिलंय की यीस्टच्या आणि बुरशीच्या वासाने तिला दमा उठतो. माश्यांच्या लॅबमध्ये यीस्ट नाही असा एक कोपरा नाही. काकांनी खिडकीला पंखा उलटा बसवून बघायचं म्हटलंय, ताई म्हणतात तिला आधी संगणकावरच्या चित्रांच्या मोजणीला बसवू, आणि मॅडमनी विचारलंय की तिला स्वतःला काय हवंय हे कुणी फोन करून विचारलं का. फोन मी आज करणार आहे.